पंधरा मिनिटांचं पाठांतर

"हात खिशातून काढ," मी म्हणालो.

सुकदेवनं हात बाहेर काढले आणि आता ह्यांचं काय करू, अशा नजरेनं माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, नुसते खाली सोड. त्यानं सोडले, तर दोन्ही हातांच्या बोटांनी आपापला चाळा सुरू केला. अंगठा तर्जनीवर घासायचा, थांबायचा, पुन्हा घासायचा. तुटलेला धागा जोडतानाची ती हालचाल. सहा वर्षं रोज आठ तास तेच केल्यावर बोटांना दुसरं काय सुचणार? शेवटी मी टाइम ऑफिसातली लाकडी फूटपट्टी आणून त्याच्या हातात दिली आणि सांगितलं, पडद्यावरचे आकडे हिनं दाखवायचे. धरायला काहीतरी मिळाल्यावर तो जरा सैल झाला.

हे नव्वद सालातलं, दिवाळी होऊन गेल्यानंतरचं. पहिली पाळी तीनला सुटायची. मग कँटीनमध्ये भांडी घासण्याचा जो खणखणाट चालायचा, त्यातच आमची तालीम. सुकदेव समोर उभा, विकी प्रोजेक्टरपाशी पारदर्शक कागद बदलायला, आणि श्रोता म्हणून मी एकटा. विकी शहाद्याचा, म्हणजे खानदेशातलाच. आयटीआय करून वर्षापूर्वीच लागलेला, आणि लागल्या दिवसापासून परमनंट.

मी प्रभाकर, टाइम ऑफिसचा कारकून. हजेरी, पाळ्या, रजा आणि प्रथमोपचाराची पेटी माझ्या ताब्यात. शाळेत असताना राजापूर तालुक्याच्या वक्तृत्व स्पर्धेत मला एकदा दुसरं बक्षीस मिळालं होतं. हे मी कधीतरी, कोणालातरी, गरज नसताना सांगितलेलं असणार. कारण प्रॉडक्शन मॅनेजर पारेख साहेबांनी एक दिवस केबिनमध्ये बोलावून मला सांगितलं की सुकदेवला भाषण शिकवायचं काम तुझं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

आमचा कारखाना धाग्याचा. पॉलिएस्टरचा गुळगुळीत धागा तापवायचा, पिळायचा आणि फुगवून बॉबिनवर गुंडाळायचा. गुजरातच्या सीमेवरच्या सिल्वासात तेव्हा असे कारखाने भराभर उभे राहत होते आणि खानदेशातून माणसं त्याहून भराभर येत होती. सुकदेव सैंदाणे त्यातलाच एक. गाव अमळनेर तालुक्यात, बिऱ्हाड सामरवरणीच्या चाळीत, बायको केसरबाई, एक मुलगी. कामाला चोख, तोंडाला कुलूप. सहा वर्षांत तो माझ्याशी जेवढं बोलला असेल, तेवढं सगळं एका पोस्टकार्डावर मावलं असतं.

त्या साली चार नंबरच्या मशीनवर धागा फार तुटायला लागला. साहेबांनी हीटर तपासले, मोटर तपासली, मुंबईहून इंजिनीअर बोलावला. तो दोन दिवस राहिला, कोंबडी खाऊन गेला. धागा तुटायचा तो तुटतच होता. एका सकाळी सुकदेव माझ्या खिडकीशी येऊन कापूस मागायला लागला. मी पेटी उघडली आणि कुठं लागलंय म्हणून विचारलं. तो म्हणाला, "मशीनले." मला वाटलं, थट्टा करतोय. पण सुकदेव थट्टा करणाऱ्यांतला नव्हता.

धागा ज्या चिनीमातीच्या गाइडवरून सरकतो, त्या प्रत्येक गाइडवर त्यानं तो कापसाचा बोळा हलकेच फिरवला. सात ठिकाणी कापसाचे तंतू अडकून राहिले. गाइडला डोळ्यांना न दिसणारी केसाएवढी चीर होती, आणि चिरेवर धागा कापला जात होता. साफसफाई करताना पोरं गाइड लोखंडी आकड्यानं खरवडायची, त्यानं ती चीर पडलेली. गाइड बदलले, आकड्याऐवजी बांबूची काडी आली आणि धागा तुटायचा थांबला. कापसाच्या मुलखातला माणूस, कापूस कशाला चिकटतो हे त्याला कोणी शिकवावं लागलं नव्हतं. हा सगळा प्रकार सकाळी आठ ते पावणेनऊ एवढ्या वेळात उरकला.

पण पावणेनऊला संपणाऱ्या गोष्टीला बक्षीस मिळत नसतं. त्या काळात क्वालिटी सर्कलची लाट आली होती. सहा कामगारांनी एकत्र बसायचं, अडचण निवडायची, चर्चा करायची, तीन महिने आकडे गोळा करायचे, माशाच्या काट्यासारखी आकृती काढून त्यावर कारणं लिहायची, मग उपाय शोधायचा, असा सात पायऱ्यांचा शिरस्ता. कारखानदारांची संघटना दर वर्षी त्याची स्पर्धा घ्यायची. कामगारानंच मंचावर जाऊन पंधरा मिनिटं बोलायचं, समोर परीक्षक. आमच्याकडे उपाय होता, पायऱ्या नव्हत्या. मग पारेख साहेबांनी पायऱ्या मागून बांधल्या. 'एकता' नावाचं सर्कल कागदावर जन्माला आलं, तीन महिन्यांचे आकडे दोन दुपारांत तयार झाले, आणि ते सुवाच्य अक्षरात अकरा पारदर्शक कागदांवर मीच उतरवले. यात कोणाला काही वावगं वाटलं नाही. वापीचे, दमणचे, सगळे असंच करतात, असं साहेब म्हणाले, आणि ते खरंही असावं.

सुकदेवचा यात काय फायदा, तर तो मोठा होता. सहा वर्षं होऊनही तो टेम्पररीच होता. दोनशे चाळीस दिवस सलग भरले की माणूस कायम करण्याचं लचांड मागे लागतं, म्हणून त्याच्या थोडं आधी टेम्पररी माणसाला ब्रेकची चिठ्ठी द्यायची, पंधरा दिवस घरी बसवायचं आणि पुन्हा नव्यानं भरती दाखवायची. ती चिठ्ठी टाइप करणारा मी. चिठ्ठी मिळाली की सुकदेव बायको-मुलीला घेऊन गावी जायचा. केसरबाई गावात सांगायची, रजा काढून आलोय. लोक ऐकून घ्यायचे आणि मागून हसायचे, हे तिलाही कळायचं. यंदा मात्र पारेख साहेब माझ्यादेखत त्याला म्हणाले होते, "नंबर आवे तो तने परमनंट करी दईशुं." पहिल्या तिनात कुठलाही नंबर चालणार होता. स्पर्धा चोवीस नोव्हेंबरला, सिल्वासातच; चिठ्ठीची तारीख डिसेंबरात.

भाषण मी हिंदीत लिहिलं. आता माझी हिंदी म्हणजे राजापूरची, पण लिहिताना हात आखडता घेतला नाही. 'आदरणीय निर्णायकगण' इथपासून सुरुवात. सुकदेवनं पहिल्या दिवशी ते शेवटपर्यंत ऐकलं. मग म्हणाला, "परभाकरभाऊ, मले हिंदी येते. पन हुभं राहीसन नही येत."

मी त्याला माझ्या परीनं सगळं शिकवलं. समोरच्या भिंतीवर एक जागा धरायची आणि तिच्याशी बोलायचं. कागद बदलताना तोंड बंद ठेवायचं. वाक्य संपलं की मनात दोन आकडे मोजायचे. बारा मिनिटांना पहिली घंटा होईल तेव्हा दचकायचं नाही, पंधराला दुसरी होते, त्याआधी 'धन्यवाद' म्हणून मोकळं व्हायचं. परीक्षक प्रश्न विचारतात, म्हणून मी बावीस प्रश्न काढले, बावीस उत्तरं लिहिली. हीटरचं तापमान किती होतं, आकडे कोणी घेतले, खर्च किती वाचला, उपाय टिकेल कशावरून. प्रत्येक उत्तराची सुरुवात एकच: 'धन्यवाद सर, आपने बहुत अच्छा प्रश्न पूछा.' एवढं म्हणेपर्यंत उत्तर आठवतं, ही माझी स्वतःची युक्ती. मी खवचट परीक्षक होऊन त्याच्यावर ओरडायचो, मध्येच तोडायचो, खोटं बोलतोस म्हणायचो. पहिले आठ दिवस पालथ्या घड्यावर पाणी. नंतर तो हळूहळू न अडखळता उत्तरं द्यायला लागला.

एका रविवारी मी सामरवरणीला त्याच्या खोलीवर गेलो. केसरबाई भाकरी थापत होती आणि सुकदेव भिंतीला पाठ लावून भाषण म्हणत होता. पाचव्या कागदाशी तो अडला, तर परातीतून हात न काढता तिनं पुढचं वाक्य सांगितलं. तिचं सगळं पाठ झालं होतं. अक्षर न ओळखणारी बाई, 'निर्णायकगण' मात्र माझ्यापेक्षा स्वच्छ म्हणायची. फक्त तीन महिन्यांच्या आकड्यांपाशी ती थांबली आणि मला म्हणाली, यांनी तर त्याच दिवशी घरी येऊन सांगितलं होतं, मग तीन महिने कशाला? मी समजावलं की स्पर्धेत असंच सांगायची रीत असते. तिनं भाकरी तव्यावर टाकली.

"म्हंजे नवरीचं वय सांगतस तसं," ती म्हणाली.

मी म्हटलं, तसंच. तिचं समाधान झालं. मग तिनं मला चहा दिला. यंदा गावी जायचं नाही, असं तिनं ठरवूनच टाकलं होतं. एक साल चिठ्ठीशिवाय जाऊ दे, एवढंच मागणं आहे, असं म्हणाली. चिठ्ठी कोण टाइप करतं हे तिला ठाऊक होतं की नाही, मला माहीत नाही. मी चहा अर्धा टाकून उठलो.

चोवीस तारखेला हॉटेलच्या हॉलमध्ये सोळा सर्कलं जमली. वापीचे कामगार सगळे एकसारख्या निळ्या शर्टांत, दमणच्या एका सर्कलनं तर सुरुवातीला गाणं म्हटलं. आमचा नंबर नववा. सुकदेवनं इस्त्रीचा पांढरा शर्ट घातला होता आणि सकाळपासून पाण्याशिवाय काही घेतलं नव्हतं.

तो उभा राहिला आणि बोलला. खरं सांगतो, मला इतकं बरं वाटेल अशी माझी अपेक्षा नव्हती. आवाज मोकळा, घाई नाही, पट्टी नेमकी आकड्यावर. विकी कागद बदलायचा आणि तेवढा वेळ सुकदेव शांत उभा राहायचा, जसं काही जन्मभर हेच करत आलाय. बारा मिनिटांची घंटा झाली, तो दचकला नाही. चौदा मिनिटं वीस सेकंदांना त्यानं धन्यवाद म्हटलं. टाळ्या पडल्या, त्या नुसत्या रीतीच्या नव्हत्या. माझ्या शेजारी पारेख साहेब पुढे वाकून बसले होते. मला माझं तालुक्याचं बक्षीस आठवलं आणि ते फारच किरकोळ वाटलं.

परीक्षक तिघे. पहिल्यानं तापमान विचारलं. दुसऱ्यानं आकड्यांवरून खोदून खोदून विचारलं, आवाजही चढवला. सुकदेव 'धन्यवाद सर, आपने बहुत अच्छा प्रश्न पूछा' म्हणून शांतपणे उत्तरं देत गेला. तिसरे वयस्कर होते, कुठल्याशा गिरणीतून निवृत्त झालेले. समोरच्या पाटीवर नाव होतं सुधाकर बोरसे. ते इतका वेळ हनुवटीला हात लावून नुसते ऐकत होते. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"कोनता गावना तू, भाऊ?"

अहिराणी. खानदेशातल्या घराघरात बोलतात ती. मी यादीत बावीस प्रश्न लिहिले होते, त्यात हा नव्हता. सुकदेवनं भिंतीवरची नजर काढली आणि त्यांच्याकडे पाहिलं. त्याचा चेहरा कसा झाला ते मला सांगता येणार नाही. सहा वर्षं मी त्याचा चेहरा खिडकीतून बघत आलो होतो, हा त्यातला नव्हता.

"अमळनेर तालुकाना, दादा."

बोरसे हसले. आपण धुळ्याचे, असं म्हणाले. मग पुढे वाकून, घरी विचारावं तसं विचारलं, "मंग सांग, हाई तुले कसं सापडनं?"

"पह्यलाच दिन सापडनं," सुकदेव म्हणाला. "कापूसना बोया लाया, तठे अटकना. पाच मिनिटमा समजी गयं."

तो नुसता सांगून थांबला नाही. पट्टी टेबलावर ठेवून त्यानं दोन बोटांत नसलेला बोळा धरला आणि नसलेल्या गाइडवरून फिरवून दाखवला. बोरशांनी मान डोलावली, त्यांना ते अगदी पटलं. मग तीन महिन्यांचे आकडे कुठले, असंही त्यांनी विचारलं, तेही सहजच. ते मागून लिहिले, असं सुकदेवनं सांगितलं. त्याला त्यात काही लपवण्यासारखं वाटलं नाही. आपल्या माणसानं आपल्या बोलीत विचारलं होतं. तिथं पाठ केलेलं म्हणणं त्याला अशिष्टपणाचं वाटलं असणार. विकीनं प्रोजेक्टर बंद केला. बोरशांनी चष्मा लावला आणि कागदावर काहीतरी लिहिलं.

जेवणाच्या रांगेत बोरसे मला भेटले. माणूस सोन्यासारखा आहे, म्हणाले, असा कामगार मी तीस वर्षांत पाहिला नाही. मग आवाज उतरवून म्हणाले, पण आकडे खोटे, त्याला मी काय करणार? सगळ्यांचेच असतात, हे माझ्या ओठांवर आलं होतं. पण सगळ्यांनी ते माइकवरून सांगितलं नव्हतं.

नंबर आला नाही. पारेख साहेब चिडले नाहीत, हे मला जास्त लागलं. गाडीत बसताना ते एवढंच म्हणाले, "एणे तो साचुं कही दीधुं," म्हणजे त्यानं तर खरं सांगून टाकलं. सुकदेव मागच्या सीटवर माझ्याशेजारी होता. नरोलीचा फाटा मागे पडला तेव्हा त्यानं विचारलं, "परभाकरभाऊ, आता हे समदं पाठ व्हयेल आहे, त्याचं काय करू?" चुकला तो नव्हता. त्याला परक्यांशी कसं बोलायचं ते मी शिकवलं होतं, आपल्या माणसाशी कसं बोलायचं नाही ते शिकवायचं राहिलं होतं. आणि ते शिकवायला हवं होतं असं वाटलं, म्हणून माझी मलाच लाज वाटली.

डिसेंबरात मी चिठ्ठी टाइप केली. त्यानं नेहमीसारखी सही केली आणि तिघं गावी गेली.

फेब्रुवारीत सुरतेला तसलीच दुसरी स्पर्धा निघाली. पारेख साहेबांनी तेच अकरा कागद बाहेर काढले. बोलायला आता विकी. सुरतेत दुसरा नंबर आला, हे इथंच सांगून टाकतो. प्रमाणपत्रावर सर्कलच्या सहा जणांची नावं होती. टेम्पररी माणसाचं नाव घालायला नको असं वरून आलं, म्हणून सुकदेवच्या जागी एका फिटरचं नाव घातलं. तेही माझ्याच अक्षरात. त्यानंतर मी सुकदेवला आणखी चार चिठ्ठ्या दिल्या. शेवटची घेऊन गेला, तो गावाहून परत आलाच नाही.

पण सुरतेला जायच्या आधीची एक दुपार सांगायची राहिली. माझा घसा बसला होता आणि विकीला शिकवायला कोणी नव्हतं. सुकदेव स्वतःहून आला. मी शिकवतो, म्हणाला, मले पाठ आहे तं वाया कशाले जावो. मी कोपऱ्यात बसून बघत होतो. त्यानं विकीला उभं केलं, हात सोडायला लावले, श्वास कुठं घ्यायचा, कागद बदलताना किती थांबायचं, सगळं सांगितलं. माझ्या लक्षातही न आलेल्या गोष्टी सांगितल्या. घंटेच्या आधी आवाज थोडा चढवायचा म्हणजे घंटा ऐकू येत नाही, ही त्यातली एक. बावीस प्रश्न त्यानं ओळीनं विचारले. विकीनं ओळीनं उत्तरं दिली. विकी वही मिटायला लागला, तर सुकदेव म्हणाला, थांब.

त्यानं खुर्ची ओढली, तिच्यावर ऐसपैस बसला आणि थोडं पुढे वाकला. चेहऱ्यावर इतका जिव्हाळा होता की क्षणभर मलाही खरं वाटलं.

"कोनता गावना तू, भाऊ?"

विकी हसला. "शहादाना..." तो सुरू झाला.

"नही," सुकदेव म्हणाला. "हासू नको. हिंदीत बोल."

पुन्हा विचारलं. विकीनं ओठ आवळले, पण डोळे हसले. सुकदेवनं मान हलवली. तिसऱ्यांदा विचारताना त्यानं आवाज आणखी मऊ केला, घरी कोण कोण आहे, आई बरी आहे का, असं लावून लावून विचारलं. चौथ्यांदा, पाचव्यांदा. भांडी घासणारी बाई नळ बंद करून बघायला लागली.

सहाव्यांदा विकीनं समोरच्या भिंतीकडे पाहिलं आणि निर्विकारपणे म्हणाला, "धन्यवाद सर, आपने बहुत अच्छा प्रश्न पूछा."

सुकदेव उठला, खुर्ची टेबलाखाली नीट सरकवली.

"आता झालं," म्हणाला. "आता तुले कोनी काही करू शकत नही."